बंब घेण्याआधीचा हिशोब



गळीत हंगाम भरात आला की आमच्या ऊस विकास खात्याकडे एक निरोप हमखास येतो : "साहेब, फड पेटलाय, बंब पाठवा." कधी लोंबकळणाऱ्या तारांची ठिणगी पडलेली असते, कधी शेजारच्या रानातलं पाचट पेटवलेलं असतं, कधी कोणी विडी टाकलेली असते. कारण काही असो, वर्षभर जपलेला ऊस डोळ्यांदेखत पेटतो आणि शेतकरी रस्त्याकडे बघत उभा राहतो.

म्हणूनच गट सभांमध्ये अलीकडे प्रश्न येऊ लागला आहे की आपल्या गटाला स्वतःचा बंब का असू नये? काही गावांतल्या तरुण मंडळांनी स्वयंसेवी अग्निशामक व बचाव पथक काढण्याचे बोलून दाखविले आहे. विचार चांगला आहे. मात्र बोलणे सुरू झाले की दुसऱ्याच वाक्याला प्रश्न येतो, "गाडी केवढ्याला येते?" आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. त्याच्या आधी पाच-सहा प्रश्न आहेत. ते सोडवले तर गाडीची निवड आपोआप होते, न सोडवता गाडी घेतली तर दोन-तीन वर्षांत ती चावडीमागे टायर बसून उभी राहते. ते आधीचे प्रश्न कोणते, याचा हा पाठ आहे.

१. एकट्याला न परवडणारी वस्तू

आग विझवणे हे सरकारी किंवा नगरपालिकेचेच काम, असा आपला समज आहे. जगात सगळीकडे तसे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी बेंजामिन फ्रँकलिन याने १७३६ साली शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन एक अग्निशामक मंडळी काढली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि घरातले सामान बाहेर काढण्यासाठी पिशव्या स्वतःच्या खर्चाने तयार ठेवायच्या, असा नियम होता. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात व्हालपाराइसो बंदरात १८५१ साली पहिले स्वयंसेवी दल निघाले, आणि आजही त्या देशात आग विझवणारे दल स्वयंसेवकांचेच आहे. जर्मनीत मोठ्या शहरांत पगारी दल असते, पण खेडोपाडी शेतकरी, सुतार, शिक्षक हेच भोंगा वाजला की हातातले काम टाकून धावतात.

आपल्याकडे पगारी दलाची परंपरा मोठी आणि अभिमानाची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र पेटून प्रचंड स्फोट झाले, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. परंतु हे दल शहराचे. खेड्यात काय? आपल्या ऊस पट्ट्यात ही उणीव बऱ्याच अंशी साखर कारखान्यांनी भरून काढली आहे. कारखान्याच्या आवारात बगॅस, साखरेची गोदामे, मळीच्या टाक्या असल्याने बंब लागतोच, आणि तोच बंब आसपासच्या गावांत घर पेटले, गंजी पेटली, फड पेटला तरी धावतो.

हे सहकाराला धरूनच आहे. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो याच हिशोबाने. एकट्या शेतकऱ्याला जी यंत्रसामग्री सात जन्मांत घेता आली नसती ती शेअर गोळा करून सर्वांनी मिळून घेतली. बंब हीही तशीच वस्तू आहे. फरक इतकाच की कारखाना रोज चालतो म्हणून रोज डोळ्यासमोर असतो, बंब मात्र वर्षातले बहुतेक दिवस उभा असतो. उभ्या वस्तूकडे दुर्लक्ष होते.

२. पहिली ३५ मिनिटे

आता साधा हिशोब करू. समजा बंब आपल्या गावापासून १५ किलोमीटरवर आहे. फोन लागणे, ड्रायव्हर व माणसे जमणे, गाडी बाहेर काढणे यांना ५ मिनिटे धरा. ऊसगाड्यांनी भरलेल्या रस्त्याने किंवा घाटवळणाच्या रस्त्याने भरलेला बंब ताशी ३० किलोमीटरच्या वर सरासरी धरू शकत नाही. म्हणजे १५ किलोमीटरला अर्धा तास. एकूण ३५ मिनिटे. वाऱ्यावर असलेल्या वाळक्या पाचटाच्या फडाला ३५ मिनिटे म्हणजे फार झाली.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी : बंब कितीही मोठा, कितीही नवा असला तरी तो येईपर्यंतचा वेळ गावाचा आहे. त्या वेळात गाव काय करते त्यावर ऊस वाचणार की नाही हे ठरते.

त्या वेळात करावयाची कामे अशी. प्रथम वीज मंडळाच्या माणसाला फोन करून त्या फीडरचा पुरवठा बंद करून घ्यावा. चालू तारेखाली पाणी मारणे जिवावर बेतते. मग आगीच्या मागे न लागता वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, आगीपासून पुरेसे अंतर सोडून, ऊस तोडून आडवा करावा, पाचट ओढून बाजूला घ्यावे आणि जितका रुंद होईल तितका मोकळा पट्टा पाडावा. तोडणी टोळी जवळच्या फडात असेल तर मुकादमाला सांगून सगळे कोयते तिथे लावावेत. पेटलेल्या उभ्या उसात कोणीही शिरू नये. सरीतून पळताना पाय अडकतो, धूर दिशा कळू देत नाही. ऊस गेला तर वर्ष जाईल, माणूस गेला तर घर जाईल.

ऊस जळालाच तर त्याच दिवशी चिटबॉयला व गट कार्यालयाला कळवावे. जळित उसाचे वजन दिवसागणिक घटते आणि साखर उतरते, म्हणून तो शक्य तितक्या लवकर, दुसऱ्या दिवशीच तुटला पाहिजे. यात उशीर झाला की शेतकऱ्याचेही नुकसान आणि कारखान्याचेही.

३. उदाहरणादाखल कुणकेश्वर

गावाची गरज कशी मोजावी हे नुसत्या उपदेशाने कळत नाही, म्हणून एक गाव घेऊ. मुद्दाम आपल्या पट्ट्याबाहेरचे घेतो, म्हणजे आपले-तुपले होणार नाही. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेले आहे. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून महाशिवरात्रीला तिथे जाणारी घाटावरची माणसे पुष्कळ, आणि वैभववाडीकडचे जे शेतकरी घाटावर ऊस पाठवतात त्यांना तर ते घरचेच. समजा त्या गावाला स्वयंसेवी पथकासाठी एक बचाव गाडी घ्यायची आहे. (हे गावाने ठरविलेले नाही, पाठासाठी आम्ही मांडलेले आहे.) कोणती घ्यावी?

प्रथम धोक्यांची यादी करू.

पहिला धोका वणव्याचा. पाऊस संपला की कातळावरच्या सड्यांवरचे गवत वाळते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत एखादी ठिणगी पडली तर आग गवतातून आंब्या-काजूच्या बागेत शिरते. नेमक्या याच दिवसांत आंबा झाडावर असतो. आणि इथे एक फरक लक्षात घ्यावा. आपला ऊस जळाला तर एका पिकाचे नुकसान होते, खोडवा पुन्हा फुटतो. हापूसचे कलम जळाले तर ते नव्याने लावून चांगले उत्पन्न देईपर्यंत दहा वर्षे सहज जातात.

दुसरा धोका गर्दीचा. महाशिवरात्रीपासून अमावस्येपर्यंत श्रीदेव कुणकेश्वराची यात्रा भरते. गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात. मंडप, हॉटेले, गॅसच्या टाक्या, विजेच्या तात्पुरत्या तारा आणि लाखांनी माणसे, हे सगळे मंदिर आणि समुद्र यांच्यामधल्या जागेत.

तिसरा धोका समुद्राचा. डिसेंबर २०२३ मध्ये देवगडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पाच तरुण मुले-मुली पाण्यात ओढली गेली. घाटावरच्या माणसाला नदी-विहिरीत पोहता येत असले तरी ओढीच्या लाटेचा अंदाज नसतो. यात्रेत स्नानाला उतरणारे बरेचसे असेच असतात.

चौथा धोका रस्त्याचा : अरुंद, वळणाचे, चढउताराचे रस्ते आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर पर्यटकांच्या गाड्या.

आता या यादीसमोर मोठा, ४५०० लिटर पाण्याचा बंब उभा करून पाहा. वाड्यांमधल्या पाणंदींना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आहेत, त्यात हा बंब शिरणार नाही. सड्यावर रस्ता असतोच असे नाही. पुळणीवर नेला तर चाके रुततील आणि बंबालाच वाचवायला दुसरी गाडी लागेल. यात्रेच्या गर्दीत तो हलणार नाही. आणि बुडणाऱ्या माणसाला त्यातल्या पाण्याचा काय उपयोग? म्हणजे सर्वांत महागडी गाडी या गावाच्या चारही धोक्यांना अपुरी पडते.

याउलट चारही चाकांना जोर असलेली लहान पिकअप, तिच्यावर ५०० लिटरची टाकी, जास्त दाबाचा लहान पंप, वणवा झोडपायच्या लांब दांड्याच्या झोडपण्या, कोयते, पाठीवरचे पंप, दोर, स्ट्रेचर आणि कापाकापीची अवजारे, ही गाडी पाणंदीत शिरते, सड्याच्या कडेपर्यंत जाते, गर्दीतून वाट काढते. समुद्रासाठी गाडीपेक्षा किनाऱ्यावर ठराविक अंतरावर टांगलेली तरंगती कडी आणि दोर, शिट्टीवाला पहारेकरी आणि धोक्याच्या जागी लावलेले बावटे यांचा उपयोग जास्त. समुद्र कळणारी माणसे शेजारच्या मच्छीमार वस्तीत आहेत, त्यांना पथकात घेतले पाहिजे. मोठा बंब लागेल तेव्हा देवगडकडून मागवायचा, त्यासाठी आधी बोलणे करून ठेवायचे.

आणखी एक गोष्ट मोजायची राहिली, ती म्हणजे माणसे. कोकणातल्या पुष्कळ घरांतले तरुण चाकरमानी मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरलेले, एरवी घरात म्हातारी माणसे. वणवा पेटतो तो एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारी दुपारी. त्या वेळी गावात प्रत्यक्ष असणारे किती? रिक्षावाले, पिकअपवाले, दुकानदार, बागेतले गडी, बचत गटाच्या भगिनी. पथक यांचेच झाले पाहिजे. मुंबईत राहणाऱ्या पन्नास जणांची यादी फलकावर शोभते, पण आगीला उपयोगी पडत नाही.

हाच तक्ता आता आपापल्या गावाला लावावा. आपल्याकडे धोका उभ्या उसाचा, गंजीचा, गोठ्याचा, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरच्या अपघाताचा, विहिरीत पडलेल्या माणसाचा अन् जनावराचा, आणि नदीकाठी असाल तर पुराचा. रस्ते कुणकेश्वरपेक्षा रुंद, पण बांधावरून आत जायला वाट नाही. पाणी मुबलक, पण ते विहिरीत खोल. दुपारी घरी कोण असते? हंगामात पुरुष फडात किंवा गाडीवर, घरी आणि जवळच्या रानात बायका. म्हणून पथकात त्यांना घेतल्याशिवाय पथक पुरे होत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

४. पाण्याचा हिशोब

पाणी किती लागेल यापेक्षा ते किती वेळ पुरेल हा प्रश्न महत्त्वाचा. अग्निशामक दलात एक सोपा आडाखा वापरतात : नोझलच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, दाब (बारमध्ये) याच्या वर्गमूळाने गुणावे आणि आलेल्या संख्येचे दोन तृतीयांश घ्यावेत. जे उत्तर येते तितके लिटर पाणी दर मिनिटाला जाते.

दाब ४ बार धरू, त्याचे वर्गमूळ २. तर २० मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला सुमारे ५३३ लिटर पाणी जाते आणि ४५०० लिटरची टाकी साडेआठ मिनिटांत रिकामी होते. त्याच दाबाला १२ मिलिमीटरच्या नोझलमधून १९२ लिटर जाते आणि तीच टाकी २३ मिनिटे चालते. मोठा फवारा बघायला जोरदार दिसतो, लोक टाळ्या वाजवतात, पण साडेआठ मिनिटांनी सगळे हात बांधून उभे.

आपल्या गावात ५००० लिटरचे ट्रॅक्टरचे टँकर असतात. पाणी ३ किलोमीटरवर असेल तर जाणे, भरणे, येणे, रिकामे करणे अशी एक फेरी अर्ध्या तासाची धरा. दोन टँकर आलटून पालटून लावले तर अर्ध्या तासात १०००० लिटर, म्हणजे मिनिटाला ३३३ लिटर पाणी येते. १२ मिलिमीटरच्या नोझलला हे पुरून उरते, २० च्या नोझलला पुरत नाही. तात्पर्य, बंबाइतकेच गावातले टँकर महत्त्वाचे. कोणाकडे टँकर आहे, तो भरलेला उभा असतो की रिकामा, त्याचा नळ बंबाच्या टाकीवर पोचतो का, हे आधी पाहून ठेवावे.

दुसरे, पाणी उचलण्याचे. आपल्या इंजिनाच्या पंपाला जो नियम तोच बंबाच्या पंपाला. सक्शनने पाणी व्यवहारात ७ मीटरच्या आसपासच वर येते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी ५०-६० फूट खाली गेलेले असते, तेथे लाखो रुपयांचा बंबही काठावर उभा राहून कोरडा ओढत बसेल. म्हणून विहिरीत सोडता येईल असा वेगळा पंप हवा, किंवा याहून सोपा उपाय म्हणजे गावच्या उपसा सिंचन योजनेच्या चेंबरवर बंबाच्या ६३ मिलिमीटरच्या होजला बसेल असे एक कपलिंग कायमचे बसवून घ्यावे. योजना आपलीच, पाणी आपलेच. गावात अशा चार जागा झाल्या तर प्रत्येक वेळी नदीपर्यंत धावावे लागणार नाही.

किनाऱ्यावरच्या गावी कोणी म्हणेल, समुद्र समोर असताना पाण्याची चिंता कशाला? समुद्राचे पाणी आग विझवते हे खरे, पण मीठ पंपाला खाते. वापरलेच तर त्याच दिवशी पंप, टाकी, होज गोड्या पाण्याने धुऊन काढले पाहिजेत. ते गोडे पाणी मे महिन्यात सड्यावरच्या गावाला कुठून आणायचे, याचाही विचार यादीत हवा.

५. वजन : आपला काटा आपल्याच दारात

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४५०० लिटर म्हणजे साडेचार टन नुसते पाणी. त्यावर टाकीचे पत्रे, पंप, शिडी, होज, अवजारे आणि सहा माणसे. पाणी भरलेल्या गाडीचा तोल वळणावर कसा जातो हे टँकर चालवणाऱ्याला विचारावे. अर्धी भरलेली टाकी तर जास्तच धोक्याची, कारण पाणी आत हिंदकळते. टाकीच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या घातलेल्या आहेत की नाहीत, हे गाडी घेताना आत डोकावून बघावे.

लहान गाडीचाही हिशोब करू. पाणी ५०० किलो, तीन माणसे २२५ किलो, पंप, होज व अवजारे समजा ३५० किलो. झाले १०७५ किलो. पिकअप जर हजार किलोच्या क्षमतेची असेल तर ती पहिल्याच दिवशी जास्त भरलेली आहे. नंतर कोणीतरी जनरेटर ठेवतो, कोणी आणखी दोन होज ठेवतो. ब्रेक आणि स्प्रिंग तक्रार करत नाहीत, एकदम दगा देतात.

आपल्याकडे मोठी सोय ही की कारखान्याचा वजनकाटा हाताशी आहे. गाडी ताब्यात घेण्याआधी ती रिकामी, मग पाणी भरून, मग सर्व सामान व माणसांसह अशी तीनदा काट्यावर घ्यावी. पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगळे घ्यावे आणि आरसी पुस्तकातील आकड्यांशी ताडून पाहावे. उसाच्या गाडीला आपण काटा चुकवू देत नाही, बंबाला तरी का द्यावा?

६. बचावाचे सामान

आग विझवण्याप्रमाणेच बचावाचीही हाक येते. ऊस भरलेली ट्रॉली उलटली आणि खाली माणूस सापडला तर दोराने ओढाओढ करू नये. तिथे जॅक, लाकडी ठोकळे, हवेने फुगणाऱ्या उचलपिशव्या आणि पत्रा कापणारे-फाकवणारे हायड्रॉलिक अवजार लागते. आणि उचलताना प्रत्येक इंचाला खाली ठोकळा सरकवायचा, म्हणजे वजन परत खाली बसत नाही.

जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात कोणी पडले तर त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. तिथे प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साठलेला असू शकतो. वाचवायला उतरलेला दुसरा, मग तिसरा, अशी माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तोंडाला बांधायचा साधा मास्क तिथे कुचकामी आहे. पाठीवर हवेची टाकी असलेले श्वसनयंत्र, तिपाई, दोर व शरीरपट्टा हवा. हे सामान बंबापेक्षा कितीतरी स्वस्त आणि त्याच्याआधी घेता येण्यासारखे आहे.

७. खरेदी

एवढे झाल्यावर खरेदी. भारतीय मानक संस्थेने पाण्याच्या बंबासाठी आयएस ९५० आणि बचाव गाडीसाठी आयएस ९४९ अशी मानके ठरवून दिलेली आहेत. निविदेत त्यांचा उल्लेख करावा, म्हणजे दरपत्रके एका मापाने मोजता येतात. चासी एका कंपनीची आणि वरची बांधणी दुसऱ्याची, अशी ही गाडी होते. तेव्हा पंप बिघडला तर कोण येणार, किती दिवसांत येणार, हे दोघांकडून लेखी घ्यावे. बांधणी चालू असताना एकदा, आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एकदा, गावचा ड्रायव्हर आणि एक मेकॅनिक घेऊन जाऊन पाहावी. पंप प्रत्यक्ष विहिरीवर किंवा तळ्यावर चालवून पाहावा. होजची कपलिंग कारखान्याच्या आणि जवळच्या नगरपालिकेच्या बंबाशी जुळलीच पाहिजेत. न जुळणारे कपलिंग म्हणजे दोन बंब शेजारी उभे आणि पाणी एकाचे दुसऱ्याला नाही.

गाडी कोणाच्या नावावर, हे सुरुवातीलाच ठरवावे. मंडळ नोंदणीकृत नसेल तर विमा, अपघात, पेट्रोल-डिझेलचा हिशोब सगळेच एका माणसाच्या गळ्यात पडते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली रीतसर नोंदणी करावी, आणि प्रत्येक स्वयंसेवकाचा अपघात विमा उतरवावा.

८. गाडी आल्यानंतर

वस्तू असणे आणि ती वापरता येणे यांत किती अंतर असते हे आपल्या कृष्णाकाठाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे काढताना नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. नाव होती, नेणारे धाडसाने नेत होते, गावाची तळमळ खरी होती. पण नावेत माणसे जास्त झाली होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्या गेलेल्या माणसांकडून शिकायचे ते हेच की किती माणसे बसवायची, नाही कोणी म्हणायचे, याचा सराव पूर येण्याआधी व्हावा लागतो. संकटात माणूस नवे काही शिकत नाही, शिकलेले तेवढेच करतो.

म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवावा. अमावस्या बरी, त्या दिवशी पुष्कळजण कामे बंद ठेवतात. गाडी सुरू करणे, पंप चालवणे, होज पसरून परत गुंडाळणे, दोराच्या गाठी, स्ट्रेचर उचलणे, एवढे दीड-दोन तासांत होते. टायरची हवा, बॅटरी, डिझेल, पाणी यांची नोंद वहीत करून सही करावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना शोध व बचावाचे प्रशिक्षण दिले जाते, त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी.

वर्षाचा चालू खर्च किती, तो कोण देणार, याचे उत्तर मिळत नसेल तर गाडी घेण्याची घाई करू नये. देणगीतून गाडी एकदा मिळते, टायर-बॅटरी-विमा दरवर्षी लागतात. बैल दान मिळाला तरी वैरण आपल्यालाच घालावी लागते, हे शेतकऱ्याला आम्ही वेगळे काय सांगावे?

९. गट सभेला येताना

सभासद बंधू-भगिनींना विनंती की येत्या गट सभेला प्रत्येक गावाने पुढील माहिती एका कागदावर लिहून आणावी :

(१) गावात मागील पाच वर्षांत कोणकोणत्या आगी, अपघात, बुडण्याचे प्रकार झाले, महिना व वेळ यांसह.

(२) दुपारी बारा वाजता आणि रात्री बारा वाजता पाच मिनिटांत धावून येऊ शकणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे, दोन वेगवेगळ्या याद्या.

(३) जड वाहनाचा परवाना असलेले ड्रायव्हर.

(४) पाणी भरण्याच्या जागा, विहिरीतील उन्हाळ्याची पाणपातळी, आणि उपसा योजनेचे चेंबर कुठे आहे.

(५) टँकर, जेसीबी, ट्रॅक्टर कोणाकडे आहेत.

(६) कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून मोठी गाडी जात नाही.

(७) वर्षाचा चालू खर्च गाव कसा उभा करणार.

हा कागद भरताना एक गोष्ट आपल्या ध्यानात येईल. यातल्या सहा बाबींना गाडीची गरजच नाही, त्या आजपासून सुरू करता येतात. ज्या गावाने याद्या केल्या, चेंबरवर कपलिंग बसवले, लोंबकळणाऱ्या तारांचे अर्ज देऊन पाठपुरावा केला आणि पाचट जाळण्याऐवजी सरीत दाबून कुजवले, त्या गावाला बंब मिळण्याआधीच निम्म्या आगींपासून सुटका मिळेल असा आम्हाला भरवसा आहे. आणि पुढे गाडी घ्यायचीच ठरली तर मोठी की लहान, पाण्याची की बचावाची, हे विक्रेत्याच्या छापील पुस्तकावरून नव्हे, आपल्या कागदावरून ठरेल.

तूर्त आपल्या गावाजवळचा बंब कोठे आहे आणि त्याचा फोन नंबर काय, हे घरातल्या प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा, पाठ असावे. १०१ आणि ११२ हे क्रमांक मोटारीच्या खोलीच्या दारावर रंगवून ठेवावेत. रंगाला फार खर्च येत नाही.

— ऊस विकास अधिकारी